रघुअण्णाची सिलोनची सुट्टी

नाही हो, बंद कुठं – उघडंच आहे दुकान, या की, स्वामी, असे पायरीवर काय उभे राहता, बाकावर बसा. आई म्हणाली, उमाजी, दहावा व्हायच्या आधी फळ्या काढू नकोस, अख्खी बाळेपेट काय म्हणेल. मी म्हटलं, म्हणेल की धाकटा कामाला लागला, बरं झालं. घरात बसलं की बायका येतात, माझ्या तोंडाकडं बघतात आणि रडायला लागतात – इथं निदान ट्यूब आहे हातात, पाण्यात बुडवली की कुठं फुटलीय ते दाखवते आणि गप्प राहते. पाणी देऊ? नको? सरी, राहू दे.

आईनंच बोलावलं ना तुम्हाला? ठाऊक आहे. भटजी सांगून गेले – ज्यानं अग्नी दिला त्यानंच दहा दिवसांचं करायचं, मधेच हात बदलत नाहीत. म्हणजे उद्या श्रीरंगपट्टणला, नदीवर, आमच्या रघुअण्णाचे पिंड ठेवणार कोण? तर तुम्ही – कचेरीतले क्लार्क सुधींद्र, भीमाचार्यांचे चिरंजीव! आणि सख्खा भाऊ काय करणार? सख्खा भाऊ छत्री धरणार. पिशव्या सांभाळणार. वा! एका आईचे आम्ही, एका चटईवर झोपलो, या एका दुकानात हात काळे केले – आणि मान कुणाला, तर ज्याच्या चेनला आम्ही तेल घालायचो त्याला.

नाही, रागावलो नाही. मी कशाला रागावू? मी तर कौतुक करतोय. काय सुट्टी काढलीत दोघांनी! सायकलवाल्यानं सुट्टीत काय करावं? तर सायकल चालवावी. वर्षभर दुसऱ्यांच्या सायकली दुरुस्त करून पाठ मोडली, आता स्वतःच्या सायकलनं मोडून घेऊ – डोंगरावर, उन्हात, समुद्रापलीकडं. आणि हे काढलं कुणी? अण्णानं? अण्णाला म्हैसूरसुद्धा लांब वाटायचं हो. समोरच्या हॉटेलात रेडिओवर सिलोन लागायचं, तुम्ही दोघं कॉफी थंड करत बसायचात, आणि एक दिवस तुम्ही म्हणालात – रघुजी, ही गाणी जिथनं येतात तिथं जाऊन येऊ की. झालं! त्या दिवसापासून अण्णा जमिनीवर नव्हता. धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, मग बोट, पलीकडं उतरलं की नुसती पेडल मारायची – हनुमान उडी मारून गेला, आपण पेडल मारून जाऊ, असं येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाईक हसायचं. मी पण हसायचो.

इल्ला सार, इवत्तु बाडिगे इल्ला! – सायकल भाड्यानं मागतोय, आज नाही म्हटलं. जा म्हणावं, पायी चाल, तब्येत सुधारेल.

काय म्हणत होतो? हां, हनुमान. माझं म्हणणं वेगळं आहे. मला शाळा झेपली नाही, पण रामाचं तेवढं ठाऊक आहे – राम लंकेला गेला तेव्हा लक्ष्मणाला बरोबर घेऊन गेला. धाकट्याला मागं ठेवून शेजारच्याला नाही नेलं! आमच्या रामानं काय केलं? लक्ष्मणाला सांगितलं, उमा, तू दुकान बघ, आईला बघ, पुढच्या खेपेला तुला नेतो. पुढची खेप! त्यासाठी मी एक जुनी हर्क्युलिस सायकल खोलून ठेवली होती, स्वामी, पार बेअरिंगपर्यंत खोलून, घासून – पण ते असू द्या, ते सुम्ने, उगाच सांगितलं.

तुमच्या घरी काय चाललंय? ओसरीवर झोपवतात म्हणे तुम्हाला? ताट पण वेगळं? भीमाचार्यांचं बरोबरच आहे. एक तर मुलानं समुद्र ओलांडला – वीतभर असला तरी समुद्रच तो. दुसरं, परक्याच्या चितेला हात लावला. आणि तिसरं, बाप धडधाकट समोर बसलेला असताना डोकं भादरून घरी आला! बघा, माझे केस अजून जागच्या जागी, आणि तुमचं डोकं कसं चकचकतंय. कुणी तिऱ्हाइतानं बघितलं तर त्याला वाटेल, भाऊ यांचाच गेला.

वाटलंच असेल तिकडं. चहाच्या मळ्यातली ती तमिळ माणसं – त्यांनी विचारलं असेल ना, हा तुमचा कोण म्हणून? काय सांगितलंत?

काय?

अण्णन म्हणालात. थोरला भाऊ.

बरोबर. त्यांना काय कळतंय – दोघांच्या अंगावर सारखीच धूळ, सारखाच घाम. अण्णन. आणि मग मी कोण? मी इथं बाळेपेटेत त्याच वेळी कुणाचा तरी ब्रेक आवळत असेन. त्या उतारावर लॉरी आली, वळणावर, पावसानं निसरडं झालेलं, अण्णाला थांबता आलं नाही – हे सगळं तुम्ही आईला सांगितलंत, ते मी दाराआडून ऐकलं. त्याला इकडं का आणला नाहीत ते पण ऐकलं. बोट, रेल्वे, ती गरमी – नसता टिकला. कळतं मला, एवढा मूर्ख नाही. पण मला एक तार केली असतीत, तर मी कळवलं असतं, थांबा, मी येतो, त्याचा भाऊ येतो – मी आलो असतो! पोहत आलो असतो!

बघू हात. नाही, दाखवा – ते फडकं कशाला बांधलंय? इतके दिवस आईसमोर उपरण्याखाली लपवत होता, मला वाटलं शास्त्रच असेल काहीतरी. भाजलंय? एवढं? अय्यो – हे अग्नी देताना होत नाही, स्वामी, दुरून चूड लावतात, मी बघितलंय.

ओली होती? सगळी लाकडं? मग रॉकेल... बरं, तेही पावसानं धरू दिलं नाही. मग?

कुठले टायर?

तुमच्या सायकलचे. दोन्ही. पेटते टायर हातानं सरकवलेत खाली.

छान. फारच छान. आमच्या अण्णाला चंदन नाही, तूप नाही – टायर! जन्मभर टायरात हात घालून बसला आणि शेवटी टायरावरच – हसू नका. तुम्ही हसत नाही, मीच हसतोय, होय. अण्णाला तो वास आवडायचा, ठाऊक आहे तुम्हाला? नवा टायर आला की लहान मुलाच्या डोक्यासारखा हुंगायचा. आई ओरडायची. जळका वास मात्र – जळका मला सहन होत नाही. अप्पा गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. अण्णानं बापाला अग्नी दिला आणि मडकं टाकून सरळ माझ्याकडं आला, माझे डोळे झाकले, दोन्ही हातांनी, आणि घरी येईपर्यंत काढले नाहीत. लोक म्हणत होते, बघू दे त्याला, पुरुषासारखा पुरुष आहे. अण्णा म्हणाला, नाही बघणार तो. मी अजून चुलीसमोर बसत नाही, स्वामी, आई हसते मला. तर मी तिथं असतो आणि लाकडं ओली असती, तर – मी काय केलं असतं? कुणाच्या हातांनी डोळे झाकले असते?

बोलू नका. तुम्ही काही बोलू नका, तो काय म्हणाला, काय नाही, मला आज ऐकायचं नाही.

उद्या पहाटेची गाडी आहे. तुम्हीच बसा पिंडाला. भटजी सांगतील ते करा, दर्भाची अंगठी या भाजलेल्या हातात कशी घालणार ते तुमचं तुम्ही बघा. मी मागं उभा राहीन, मुंडण करून. पण एक सांगून ठेवतो. तुमचे आचार्य सोडून सगळ्यांना ठाऊक आहे, आमचा अण्णा हट्टी. कावळा नाही शिवणार लगेच. बसून राहील झाडावर, तुम्ही आईचं नाव घ्याल, दुकानाचं नाव घ्याल, तो मान पण वळवणार नाही. त्याला काय पाहिजे ते मला ठाऊक आहे. त्याला बघायचं असेल, हे दोघं भांडतात की नाही. तेव्हा मी पुढं येईन आणि बोलेन – सुधींद्रअण्णाशी भांडणार नाही म्हणून, नदीसमोर, सगळ्यांसमोर.

पण ते उद्या.

आज भांडण आहे. उठा. बाक मला आत घ्यायचाय.