दत्ताची रिप्लेसमेंट

नाही, जाऊ दे ना त्याला! मी कुठे अडवतोय? अडवायचं काम त्याचं होतं, माझं नाही! तीन सीझन तो अडवत होता आणि मी बॉल फेकत होतो, आणि ऐन ऑगस्टमध्ये, पहिल्या मॅचला तीन आठवडे राहिलेले असताना, हा दत्तप्रसाद पार्किंगमध्ये माझ्या गाडीला टेकून मला सांगतो, "दादा, मी अ‍ॅडलेडला चाललो." कशाला? तर पाच पॉइंटसाठी! तुम्हाला सांगतो, तिकडे अमेरिकेत असला खेळाडू दुसरी टीम पळवते ना, तर ट्रक भरून डॉलर ओतते. फ्री एजन्सी म्हणतात त्याला. करार संपला, माणूस मोकळा, जो जास्त देईल त्याचा. आमचा माणूस पाच पॉइंटांत फुटला! आणि तेसुद्धा मॅचचे पॉइंट नाहीत हो... पीआरचे, इथे कायमचं राहायच्या परवान्याचे!

थांबा, तुम्हाला खेळच माहीत नसणार. कोणालाच नसतो. या देशात फुटबॉल म्हटलं की चार वेगवेगळे खेळ निघतात आणि आमचा त्यातला एकही नाही. आमचा पाचवा. हेल्मेट घालून, खांद्यावर ती पॅडं चढवून खेळतात तो अमेरिकन, इथे त्याला ग्रिडआयर्न म्हणतात. वेंटवर्थव्हिलच्या जरा पुढे कौन्सिलच्या मैदानावर आमचा क्लब, नाव वॉम्बॅट्स, प्रेक्षक तेवीस, त्यात एक कुत्रा. आणि मी, नचिकेत, त्यांचा क्वार्टरबॅक. हसा, हसा! मी पुण्याचा, आयटीतला, वजन एकसष्ट किलो, तेही जेवून उठल्यावर. पण बाउंड्रीवरून थेट स्टंपात मारायचा हात आहे हो माझा! कोच ग्लेनने मला शेजारच्या मैदानावर क्रिकेट खेळताना बघितलं आणि म्हणाला, "मेट, तो हात इकडे आण, बाकीचा माणूस नाही आणलास तरी चालेल."

बाकीचा माणूस आणावा लागला, हीच तर अडचण. क्वार्टरबॅकचं काम काय? बॉल घ्यायचा, पुढे आपला कोण मोकळा आहे बघायचं आणि फेकायचा. अडीच सेकंदांचं काम. पण त्या अडीच सेकंदांत समोरचे चार रेडे तुमच्या अंगावर यायला सुटलेले असतात. त्यांना थोपवायला आपली पाच जणांची लाइन. आणि उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ येते डावीकडे, म्हणजे डावीकडून कोण येतंय ते त्याला दिसतच नाही, आल्यावरच कळतं. तर त्या डाव्या कोपऱ्यात कोण? दत्ता! कागलचा, तालमीतला, इंजिनियरिंगचं मास्टर्स करायला आला आणि टायरच्या वर्कशॉपमध्ये लागला. पहिल्याच दिवशी मी दर दोन सेकंदांनी मागे वळून बघतोय, तर हा म्हणतो, "दादा, तू पुढं बघ. मागचं मी बघतो." संपलं! तीन सीझन मी मागे बघितलं नाही. बायकोशी बोलतानाही इतका निर्धास्त नसतो मी.

बायकोवरून आठवलं. मिताली. दत्ता यायच्या आधीच्या सीझनला माझं कॉलरबोन मोडलं होतं. डावीकडूनच. सहा आठवडे तिने माझ्या शर्टाची बटणं लावली, आणि प्रत्येक बटणाला एक वाक्य. सात बटणं! शेवटी निकाल दिला, "तो कोल्हापूरचा मुलगा तिथे उभा आहे ना, तोवर खेळ. ज्या दिवशी तो नाही, त्या दिवशी तूपण नाही. हेल्मेटात मी मोगरा लावीन." तुम्ही म्हणाल, मग सोड की बाबा, चौतिशीला आलास. अहो, आठवडाभर मी लोकांच्या ईमेलना "नोटेड" म्हणतो. तेवढंच बोलतो मी. शनिवारी दुपारी अडीच सेकंद का होईना, अकरा माणसं मी काय करतो याची वाट बघतात! ते कसं सोडू? मला नाही सोडवत. लाज वाटते सांगायला, पण नाही सोडवत.

आणि हा अ‍ॅडलेडला चालला. बरं, त्याचं तरी काय चुकलं म्हणा? साठ पॉइंटवर बिचारा उभा होता, जुलैत सरकारने पासष्ट केले. आम्ही खेळतो तिथे गोलपोस्ट निदान जमिनीत रोवलेले असतात! तिकडच्या एका क्लबच्या कोचचं वर्कशॉप आहे, त्याला दत्ता पाहिजे लाइनवरही आणि लेथवरही, शिवाय त्या राज्याने बोलावलं की पाच पॉइंट वर. मी म्हटलं, "अरे पण माझं काय? मागचं कोण बघणार?" तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्या खानदानाबद्दल बोललो. "दादा, रिप्लेसमेंट देऊन जाणार की! असं कसं सोडून जाईन?"

आता हे रिप्लेसमेंट प्रकरण स्टुडंट लोकांना विचारा. एका घरात सहा-सहा जण राहतात, त्यातला कोणी निघाला की आपल्या जागी दुसरा आणून बसवल्याशिवाय त्याला निघता येत नाही. खोली सोडली, रिप्लेसमेंट. पेट्रोल पंपावरची शिफ्ट सोडली, रिप्लेसमेंट. एकाने तर ब्रेकअप करतानासुद्धा... जाऊ दे. तर दत्ताने तेच केलं. वेंटवर्थव्हिलला आपलं इंडियन ग्रोसरीचं दुकान आहे ना, त्याच्या काचेवर, टिफिनवाल्या काकू आणि ज्योतिषी यांच्या मधोमध चिठ्ठी लावली: "पाहिजे, एक माणूस. वजन शंभरच्या वर. स्टेशन सात मिनिटं. स्वतंत्र गादी. शनिवारी खेळावे लागेल. मराठी असल्यास उत्तम." खोली आणि लाइन, एकाच चिठ्ठीत! मी म्हटलं, "दत्ता, अरे हे दोन वेगळे विषय आहेत." तो म्हणाला, "माणूस एकच आहे की."

कोचला सांगितलं तर ग्लेन म्हणाला, "नो वरीज, मेट, माझ्याकडे पण एक जण आहे." कोण? तर रग्बीतला एक जुना गडी. फोनवर मला म्हणतो, "ट्रेनिंगला येणार नाही, फक्त मॅचला येईन, आणि आलो तरच येईन." मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, "धिप्पाड माणूस हवा आहे", तर भास्करकाकांचा मेसेज, "फ्रिज हलवायचाय का? कितव्या मजल्यावर?" मग राहता राहिली ती काचेवरची चिठ्ठी.

आणि चिठ्ठीला आला धवल. डोंबिवलीचा, अकाउंटिंग शिकायला आलेला, एकशे अठरा किलो! मी त्याला दारात बघितलं आणि तुम्हाला सांगतो, माझं कॉलरबोन आपोआप गार झालं. इतका आनंद मला लग्नाला होकार आला तेव्हाही... असो. मग तो बोलला. "सॉरी हां दादा, मी जरा आत येऊ का?" इतका हळू, की कोणी कुठे कुजबुजतंय म्हणून मी मागे बघितलं. भला माणूस हो! नको इतका भला. त्याची एकच मागणी, "गादी खरंच माझी एकट्याची ना?" कारण आधीच्या घरात एक गादी दोघांत होती. दिवसा कामावर जाणारा रात्री झोपणार, रात्री जाणारा दिवसा. याची सुट्टी असली की हा गॅरेजमध्ये खुर्चीवर, का तर दुसरा गादीवर! पाच महिने! दत्ता म्हणाला, "तुझी एकट्याची. पण शनिवारी दादाचं मागचं बघायचं." धवल म्हणाला, "चालेल." त्याला वाटलं, माझी पाठ दाबून द्यायची आहे.

पण खरी परीक्षा घरी. मिताली! तिने धवलला आमच्या किचनच्या दारात उभं केलं, आत ओट्यावर श्रीखंड ठेवलं आणि मला बाहेर. "हा आत येता कामा नये. अडव." सोपं आहे की नाही? तो दारात उभा राहिला की किचनमध्ये अंधार होतो! मी गेलो आणि नुसतं म्हटलं, "धवल, जरा पाणी पिऊ दे रे." तो बाजूला! "घ्या ना दादा. सॉरी, मीच मध्ये उभा होतो." मितालीने एक श्वास सोडला. माझी बहीण, म्हणजे तिच्या सुनीती वन्सं, येणार म्हणून कळलं की सोडते तसा. म्हणाली, "मोगरा साधा लावू की बटमोगरा?"

दत्ताने दोन आठवडे घासला त्याला. गुडघे वाकव, हात आत घे, हलू नको. धवल सगळं करायचा, आणि समोरचा अंगावर आला की दार उघडल्यासारखा बाजूला व्हायचा. "लागेल ना त्याला," म्हणायचा. त्याला! शेवटच्या ट्रेनिंगला सगळं आवरलं, मैदानावरचे प्लास्टिकचे कोन गोळा केले, आणि दत्ता माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "दादा, तो बॉल एकदा दे की." मला कळेना. म्हणाला, "तीन वर्षांत हात लावला नाही कधी." आणि खरंच हो! लाइनवाल्याने बॉलला हात लावायचाच नसतो. मी फेकायचो, दुसरा झेलायचा, बावीस जण टाळ्या वाजवायचे, कुत्रा भुंकायचा, आणि हा आपला चिखलातून उठायचा. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. दिला मी बॉल. त्याने तो उलटसुलट करून बघितला, शिवण चाचपली आणि परत दिला. "हलका आहे की," म्हणाला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. घरी आल्यावर मितालीला म्हटलं, धूळ गेली डोळ्यात. ती म्हणाली, दोन्ही?

आली पहिली मॅच. दत्ता अ‍ॅडलेडला, मिताली एक मॅच बघून मग मोगऱ्याचं ठरवणार म्हणून मैदानाच्या कडेला फोल्डिंगची खुर्ची टाकून बसलेली, आणि डाव्या कोपऱ्यात धवल. समोर त्याच्याएवढाच एक लाल दाढीवाला, दंडावर मगर गोंदलेला. मी बॉल घेतला, पुढे बघितलं... मागे बघायचं नाही, सवय मोडायची नाही... आणि मागून मला धवलचं स्पष्ट ऐकू आलं, "सॉरी, मेट." त्यानंतर आकाश. निळं, स्वच्छ, छान आकाश. मी पडल्या पडल्या हाडं मोजत होतो. आणि मग तो आवाज आला. खटाक! मितालीने खुर्ची मिटली. अहो, मगरवाल्याच्या धडकेला मी घाबरलो नव्हतो, पण ती खुर्ची मिटली आणि मला कळलं, संपलं. सोमवारपासून फक्त "नोटेड".

पण ती घरी नाही गेली. खुर्ची काखेत मारून तरातरा रेषेपर्यंत आली आणि तुम्हाला सांगतो, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "धवल! तो लाल दाढीवाला तुझ्या गादीवर झोपायला चाललाय!"

धवलने एकदा तिच्याकडे बघितलं. एकदा दाढीवाल्याकडे. मग माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मी जन्मात विसरणार नाही, कारण त्या माणसाला मी दिसतच नव्हतो. त्याला कापसाची सिंगल गादी दिसत होती! पुढच्या खेळीला दाढीवाला सुटला, आणि थांबला. म्हणजे थांबवला गेला. परत आला, परत थांबला. चौथ्यांदा तर धवल त्याच्यावर बसलाच, वर म्हणतोय, "सॉरी हां, पण ही माझी आहे!" ग्लेन मला विचारतो, "मेट, तुझी मिसेस त्याला काय म्हणाली?" काय सांगणार? म्हटलं, स्ट्रॅटेजी आहे. मागे बघितलं तर मिताली खुर्ची उघडून बसली होती, थर्मासातला चहा ओतत.

सहा टीममध्ये चौथे आलो, हाड एकही मोडलं नाही. दत्ताला फोन केला, म्हटलं, "मागचं धवल बघतो आता." मग म्हणाला, "बॉलला हात लावतो का?" म्हटलं, नाही. "नको लावू देऊ. मग जाताना जड जातंय." त्याचे पॉइंट? झाले. पासष्ट.

तर हे सगळं बरं चाललेलं असताना, परवा धवल पार्किंगमध्ये माझ्या गाडीला टेकून उभा! मी लांबूनच ओळखलं. तो टेकायचा प्रकारच ओळखला मी. म्हटलं, "कुठे?" म्हणाला, "होबार्ट. सॉरी हां दादा. पण रिप्लेसमेंट देऊन जाणार ना!" आज सकाळी मी आणि मिताली त्या दुकानात पोहे घ्यायला गेलो, तर काचेवर, टिफिनवाल्या काकू आणि ज्योतिषी यांच्या मधोमध, नवीन चिठ्ठी: "पाहिजे, एक माणूस. वजन शंभरच्या वर. स्टेशन सात मिनिटं. स्वतंत्र गादी एक, नचिकेत दादा एक. दोन्ही आधीच्या माणसाकडून चांगल्या कंडिशनमध्ये मिळाले, तसेच पुढे देत आहे. कृपया जपून वापरावे."

मिताली ट्रॉली घेऊन मागे उभी. चष्मा वर सरकवून सगळं वाचलं तिने, मग मला वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "कंडिशनचं जरा जास्तच लिहिलंय."

मी काही बोललो नाही. गादी कधी बोलते का?