बाणूची हजेरी

नाव घ्या मंडळी, मोठ्यानं घ्या! विठ्ठल... विठ्ठल... हां! मागच्या ओळीतून काही आवाज आला नाही. पुरणपोळी जड झाली वाटतं!

तर आज एकच सवाल. घाबरू नका, परीक्षा नाही! गुरूनं विचारलं आणि शिष्य गप्प राहिला. तर मग अडाणी कोण? बोला की! — हा आमचा विणेकरी बघा, लगेच म्हणतो, ‘शिष्य!’ का रे बाबा, शाळेत फार मार खाल्लास का? थांब. उत्तर आत्ताच देऊ नकोस. आधी कथा ऐक.

माणदेशातली एक वस्ती, ढोकळवाडी. नावात ढोकळा, पण तिथं बाजरीची भाकरी मिळायची तीही मोजकीच! उघडा माळ, तीन लिंबाची झाडं आणि त्यांच्या सावलीत पत्र्याची शाळा. चार वर्ग, एक खोली, एक बाई. बाईंचं नाव सुलभा केंजळे. वय बावीस. ट्रेनिंग कॉलेजात पहिल्या आलेल्या! ट्रंकेत दोन लुगडी आणि टिपणांच्या सात वह्या. पहिल्याच वहीत पहिलंच वाक्य, त्याखाली लाल शाईची रेघ — ‘मुलाला त्याच्या परिसरातून शिकवावे.’

आता सांगा, वाक्यात काही खोट आहे? नाही! लाख मोलाचं वाक्य आहे. बाई लागल्या कामाला. कुंभाराच्या हणमाला विचारलं, ‘मडकी आठ, त्यातली तीन फुटली. किती राहिली?’ हणमा म्हणाला, ‘पाच! आन् बा मारंल!’ वर्ग हसला, बाई हसल्या. काय सुंदर चाललंय म्हणाल्या!

मग आली बाणूची पाळी. बाणू म्हणजे धनगराच्या धुळाबाची लेक, बाणाई. सात वर्षांची. डोळे असे टपोरे की समोरच्याला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलंय. बाईंनी मायेनं विचारलं, “बाणू, तुमच्या मेंढ्या किती गं?”

बाणू गप्प.

“बरं, सोपं विचारते. मेंढ्या पाच. दोन मेल्या. किती राहिल्या?”

बाणूच्या डोळ्यांत टचकन पाणी! बाईंना वाटलं, पोरीला गणिताचं भ्याव आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी सोपं केलं. मेंढ्या तीन, एक मेली. तिसऱ्या दिवशी मेंढ्या दोन! अहो, बाई रोज दया करीत होत्या, आणि रोज त्या पोरीच्या काळजात एक एक मेंढी मरत होती! पण हे बाईंना कुठं ठाऊक? दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा. उकाडा, गोंगाट, डोकं फिरलेलं. बाईंच्या तोंडून निघून गेलं, “अगं, स्वतःची मेंढरं मोजता येत नाहीत, मग राखतेस तरी कशी? दगड आहेस का?”

वर्ग हसला. हणमा सगळ्यांत जोरात हसला. बाणूनं पाटी उचलली, परकराला पुसली आणि दप्तरात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी तिच्या नावापुढं शेरा लिहिला — ‘गणितात गती नाही.’ लिहिला खरा, पण जेवण गोड लागेना. माणूस चांगलं असलं ना मंडळी, की त्याला त्याचीच चूक कुसळासारखी टोचत राहते. कुठं टोचतंय ते मात्र सापडत नाही!

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई निघाल्या माळ तुडवत. धुळाबाचा तळ ओढ्यापलीकडं. बघतात तर काय, बांधाबांध चाललेली! घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड चढवायची तयारी. दिवाळी तोंडावर आली की धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतो, कोकणात जातो, आणि मृगाच्या तोंडाला परत येतो. हे बाईंच्या सातही वह्यांत नव्हतं.

दिवस कलला होता. मेंढरं माळावरून परत येत होती. जाळीचं गोल कुंपण लावलेलं — वाघूर म्हणतात त्याला — आणि वाघुरीच्या तोंडाशी उभी कोण? बाणू! एक एक मेंढी आत जातेय, आणि ही पोर प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवतेय, तोंडानं पुटपुटतेय — “हरणी आली... बांडी आली... कानतुटी आली, तिचं कोकरू आलं... मोरी आली...” बाई थक्क! धूळ उडतेय, मेंढरांची रेटारेटी चाललीय, पण पोरीचा हात चुकत नाही! शेवटची मेंढी आत गेली आणि बाणू ओरडली, “आबा, भुरी न्हाई आली!”

दीडएकशे मेंढरं असतील मंडळी! त्यात एक नाही, हे त्या सात वर्षांच्या पोरीला कळलं. धुळाबानं विचारलंसुद्धा नाही की नक्की का म्हणून. काठी उचलली, ओढ्याकडं गेला आणि बाभळीच्या काट्यांत अडकलेली भुरी खांद्यावर घालून आणली.

हे सगळं बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तरी सवय जाते का? विचारलंच, “धुळाबा, किती मेंढ्या आहेत तुमच्या?”

धुळाबानं चटकन कानाला हात लावला. “बाई, आसं इचारू नगा. जितं जितराब मोजत न्हाईत आमच्यात. मोजलं की दिष्ट लागती.”

“मग कुणी विचारलं तर काय सांगता?”

“देवानं दिली तेवढी.”

बाई गप्प. आता गुरू गप्प, बरं का विणेकरी!

धुळाबा हळूच म्हणाला, “पोर लई हुशार हाय बाई. पर रोज रडत घरी यायची. म्हनायची, ‘आबा, बाई आपली मेंढरं मारत्यात. मी काय बोल्लेच न्हाई, म्हंजी मरायची न्हाईत.’ गेल्या साली रोगानं लई गेली वो आमची. तवापास्नं तिनं धसकाच घेतलाय.”

आता कुणी म्हणेल, महाराज, ही तर अंधश्रद्धा! असेल बाबा. तू मोठा शहाणा. पण जी पोर आपली मेंढरं जगावीत म्हणून भर वर्गात दगड म्हणवून घेते, हसू करून घेते आणि तोंड उघडत नाही, तिला गती नाही म्हणायचं? उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपण घोकून घोकून पाठ केलं, पण खोल पाणी ओळखायला मात्र शिकलो नाही!

बाईंनी हाक मारली, “बाणू!” पोर घोडीच्या आड. “बाणू, इकडं ये गं!” घोडीच्या पायांमधून नुसता परकर दिसला. बाईंना सांगायचं होतं, ‘माझं चुकलं.’ दोनच शब्द. पण लेकराची माफी कशी मागायची, हे कुठल्या ट्रेनिंगात शिकवतात? अंधार पडायला लागला आणि बाई तशाच परत फिरल्या. सकाळी पुन्हा आल्या, तर माळावर तीन दगडांची गार चूल आणि लेंड्यांचा सडा. तळ हलला होता.

आणि मग सुरू झालं वाट बघणं! मार्गशीर्ष गेला, पौष गेला. बाईंनी तो शेरा खोडला, पण मनावरचा कसा खोडणार? गणितातली मेंढरं त्यांनी काढून टाकली, तिथं गारगोट्या आल्या. पहिल्या रांगेत खिडकीपाशी बाणूची जागा होती, तिथं कुणाला बसू देईनात. आणि हजेरीची रीतच बदलली! खुर्चीत बसून नंबर पुकारणं बंद. बाई दारात उभ्या राहायच्या. येईल त्या लेकराच्या पाठीवर हात, आणि तोंडानं नाव. “हणमा आला... गौरा आली... लव्हाराचा शिदू आला, नाकाचा शेंबूड पण आला!” पोरं खिदळायची. सगळी आत गेली की बाई माळाकडं तोंड करून म्हणायच्या, “बाणू नाही आली.”

आधी पोरं हसली. मग हणमाच एक दिवस म्हणाला, “येईल की बाई. मिरगाला.” त्यानंतर कुणी हसलं नाही.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई माहेरी गेल्या. आईनं विचारलं, “एवढी कोण गं तुझी तिथं?” काय सांगणार? जिला आपण दुखावलं, तिचीच ओढ जास्त लागते. आपल्यालाही लागते ना मंडळी? आठवा एखादं नाव. सगळ्यांकडं असतं एक.

जून आला. शाळा भरली. ओढ्यापलीकडं पहिला तळ पडला, तो दुसऱ्याच कुणाचा. दुसरा पडला, तोही नाही. आणि एका सकाळी बाई दारात उभ्या. “गौरा आली... शिदू आला...” सगळी आत गेली. बाई सवयीनं माळाकडं वळल्या, “बाणू नाही...”

लिंबाखाली पोर उभी! वीतभर उंच झालेली, उन्हानं करपलेली, काखेत तीच पाटी. केव्हापासून उभी होती देव जाणे. सगळं ऐकलं होतं तिनं.

बाई पुढं झाल्या नाहीत. भ्यायल्या! वाटलं, हलले तर पाखरू उडेल. पोरच दोन पावलं पुढं आली. दाराशी थांबली. आत वाकून बघितलं, आपली जागा रिकामी बघितली. मग बाईंकडं बघून हळूच विचारलं, “बाई, किती पोरं हाईत तुमची?”

एकतीस! पटावर लिहिलेली, वरच्या कचेरीत कळवलेली, शिक्का मारलेली — एकतीस! बाईंचे ओठ हलले. मग त्यांनी कानाला हात लावला.

“देवानं दिली तेवढी.”

बाणू हसली. पाठ वाकवून वाघुरीत शिरावं तशी दारातून आत शिरली, आणि बाईंचा हात तिच्या पाठीवर पडला. “बाणू आली,” बाई म्हणाल्या. पुढं काय बोलायचं होतं ते हुंदक्यात गेलं, पण पोरीला ते पोचलं. त्या दिवशी तिनं गारगोट्यांची वीस गणितं केली, एकही चुकलं नाही. दिवाळीला ती पुन्हा घाट उतरून गेली. बाई पुन्हा वाट बघत बसल्या. ते काही चुकत नाही!

तर मंडळी, अडाणी कोण? विणेकरी खाली बघतोय. बघू दे. उद्या तुमचं लेकरू दारात येईल आणि तुमच्या जिभेवर येईलच, “किती मार्क पडले?” अहो, जितं लेकरू ते! मोजता काय? पाठीवर हात ठेवा. नाव घ्या. आलास का बाळा, म्हणा.

सोपं वाटतं ना? माझीही लेक आहे, दहावीची. परवा निकाल घेऊन धावत दारात आली. आणि दोन तास तुम्हाला ज्ञान सांगणारा हा शहाणा, काय विचारलं असेल मी?

...मृदंग थांबवा जरा. आज नाव मी एकटाच घेतो. तिचं.