शिक्षणमहर्षींच्या चाळीतला वारा

आमच्या नाशिकच्या कॉलेजातून फ्लुइड डायनॅमिक्सच्या, म्हणजे वारा-पाण्याच्या प्रवाहांच्या शास्त्राच्या, कॉन्फरन्सला संशोधनाचा गोषवारा पाठवणं म्हणजे लग्नपत्रिका छापणंच असतं राव! देवळ्याला कांदे साठवायच्या चाळीत वारा कसा खेळतो, यावर मी अख्खा उन्हाळा घाम गाळला. विभागप्रमुख म्हणाले, "पहिलं नाव संस्थेच्या अध्यक्षांचं टाक. चाळ त्यांचीच आहे ना!" मग प्राचार्यांचं, मग विभागप्रमुखांचं स्वतःचं. अध्यक्षांच्या नावामागे 'शिक्षणमहर्षी, सहकारभूषण' लावलं आणि कॉन्फरन्सच्या वेबसाइटवरची नावांची जागाच संपली.

"सर, बिरुदं काढू का?"

"वेडा आहेस का? नोकरी जाईल माझी."

"मग काय काढू?"

सर शांतपणे म्हणाले, "तुझं नाव काढ. काम तू केलंयस हे तुला माहीत आहे ना? मग झालं तर!"