अण्णांच्या दुकानाचं कुलूप

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली, पण कुणी कुलपाचा विषय काढला की मला अजून हसू आवरत नाही. अण्णा माझे थोरले भाऊ, सोलापुरात हार्डवेअरचे घाऊक व्यापारी. सत्तर सालानंतरच्या टंचाईत जो माल येईल तो घ्यावा लागे. गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून अण्णा प्रत्येक नव्या मालातलं एक कुलूप आधी आपल्याच दुकानाला लावत.

एका सकाळी आम्ही दुकानाशी पोचलो तर दार सताड उघडं. आत अण्णांच्या गादीवर मंगळवेढ्याचे दुकानदार शिवाप्पा चहा पीत बसलेले.

"कुलूप कुणी उघडलं?" अण्णांनी विचारलं.

"मी की. पहिल्या यष्टीनं आलो, लई वेळ उभा हुतो. म्हटलं, आपली किल्ली लावून बघावी."

"म्हणजे सगळ्या कुलपांना एकच किल्ली?"

"तुमी दिलेल्या तिन्ही डझनांना."

अण्णा मटकन पायरीवर बसले. "शिवाप्पा, सगळी परत आणा. वीस वर्षांचं नाव जाईल माझं."

"परत कोन देतंय? एकाची किल्ली हरवली तर शेजाऱ्याची चालतीया. लोक लई खूश हायत. मी आनखी चार डझन न्यायला आलोय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

माल बांधून झाल्यावर शिवाप्पा दारात थांबले. "पन मालक, तुमच्या दुकानाला तेवढं दुसरं लावा. आमच्याकडची मानसं सोलापूरला सारखी येत असत्यात."