तिसरा रकाना

(सेनगावजवळच्या तांड्यावरचं पत्र्याचं चर्च, रविवार सकाळ. ओट्यावर सुदाम, रिटायर झालेला एसटी कंडक्टर अन् आता चर्चचा सेक्रेटरी; आणि त्याची पुतणी शितल, कॉलेजात मराठी शिकवणारी. शितलची आई जमनाबाई मागाहून येते.)

सुदाम : तिसरा रकाना रिकामा ठेवून रजिस्टर वाचता येत न्हाई, हे तुला कितींदा सांगू?

शितल : बापूंनी तो रिकामा सोडला नव्हता. तुम्ही त्यांचं टाकून आपलंच लिहिलंत.

सुदाम : सुधारून लिहिलं.

शितल : काका, तीस वर्षं तिकिटं फाडलीत. हिंगोलीला निघालेल्या माणसाच्या हातात वाटेतल्या नर्सीचं तिकीट ठेवून ‘सुधारलं’ म्हणायचात का?

सुदाम : तोंड आवर. तुझ्या बापाची वर्षाची सभा हाय आज, पाळकसाहेब हिंगोलीहून निघालेत. आपल्या चर्चची रीत तुला ठाव हाय. माणूस गेला की वर्षानं त्याची साक्ष पुलपिटाच्या चौथऱ्यावरून वाचायची. पहिला रकाना, पूर्वीची दशा. दुसरा, प्रभूची भेट. तिसरा, आताचा विजय. कोंडीबाची दारू ह्याच तिनात बसली. अनुसयाबाईच्या अंगात यायचं, तेबी बसलं. मग आपल्या फौजी दादाचीच लढाई काहून बसंना?

शितल : ती लढाई होती म्हणून.

सुदाम : हे कॉलेजातलं बोलणं झालं.

शितल : कॉलेजात तर मी तुमच्यासारखंच करते. ‘वीररसाची उदाहरणे द्या.’ पोरं धडाधड देतात. झेंडा, तलवार, छाताडावरचा घाव. बारा वर्षं शिकवून राहिले, एका धड्यात एक माणूस पाणी मागत नाही. बापूंची वही वाचली अन् दुसऱ्या दिवशी वर्गात खडू हातात धरून नुसती उभी राहिले.

जमनाबाई : काय चाललंय काका-पुतणीचं? आवाज पार हापशापर्यंत येऊन राहिला.

सुदाम : बरं झालं आलात वहिनी. हिला समजवा.

जमनाबाई : मला अक्षर येत न्हाई भाऊजी. म्हणून तर ह्यांची वही तुमच्या हाती दिली, की बराबर उतरून घेताल. शितल, भाऊजींनी काय उतरवलंय ते वाच. त्यांच्या म्होरं वाच.

शितल : “पूर्वीची दशा : पेमा हा तांड्यावरचा भटकलेला तरुण होता. प्रभूची भेट : बर्फाच्या डोंगरावर, लढाईत झाली. आताचा विजय : शत्रू तहानेने मेला, परंतु प्रभूने पेमाची बाटली भरलेली ठेवली. आमेन.”

जमनाबाई : आता ह्यांचं वाच.

शितल : “सकाळी खंदकात उतरलो. तिथं पल्याडचं एक पोरगं पोट धरून बसलेलं. मिशीसुदिक फुटली नव्हती. बूट मोठे होते, आत गवत कोंबलेलं. त्यानं पाणी मागितलं. बोली समजायला तकलीफ पडली नाही, आपल्या हिंगोलीच्या बाजारात बांगड्यावाला बोलतो तशीच होती. माझी बाटली भरलेली होती. हुकूम पुढं जायचा होता. मी गेलो. दुपारी परतलो तर तो तसाच बसलेला, हात पुढं केलेला. डोळ्यांत बर्फ साचलं होतं.”

सुदाम : बस कर.

शितल : तिसरा रकाना राहिलाय. “आता : मी रोज त्या बाटलीचं झाकण काढतो.” एवढंच.

सुदाम : तेच म्हणतो मी! ह्यात विजय कुठाय? लोक काय म्हणतील, प्रभूचा शिपाई हात हलवत आला? समोर नव्यानं आलेली चार घरं बसतात. मोहिनीची सासू अजून दारातूनच डोकावते, उंबऱ्याच्या आत पाय टाकत न्हाई. अशी साक्ष ऐकून कोण थांबल?

शितल : तुम्ही लिहिलेलं ऐकून मला थांबावंसं वाटत नाही. तहानेनं मेलेल्या पोरावर ‘आमेन’ म्हणवून घेता सगळ्या मंडळीकडून. निदान वाचलं तरी होतं का, काय लिहिलंय ते?

सुदाम : मी दादाचं वाईट केलं का? तेवीस वर्षं दर जानेवारीला त्याला वर्दीत पुलपिटावर उभं केलं. साक्ष मी लिहून द्यायचो, तो वाचायचा. सगळा तांडा टाळ्या वाजवायचा. त्यानं एकदाबी न्हाई म्हटलं न्हाई.

जमनाबाई : वाचून खाली उतरले की कुठं जायाचे, भाऊजी?

सुदाम : चर्चच्या मागं. त्याला पित्त होतं. वर्दी घट्ट बसायची, त्यात उपाशी यायचा. मीच तर दरसाल ओवा घेऊन जायचो त्याच्यासाठी.

जमनाबाई : पित्त न्हवतं.

सुदाम : मग?

जमनाबाई : घरी कदी ओकले न्हाईत. शेतात न्हाई, लग्नाकार्यात न्हाई. वर्सातून एकदाच, टाळ्या झाल्यावर. मी पाठ चोळायची, तुमी ओवा द्यायचे, अन् त्ये तुमाला म्हणायचे, ‘बरं वाटलं रे सुदाम.’ तुमचं मन मोडंना म्हणून.

सुदाम : ...तेवीस वर्षं?

जमनाबाई : तेवीस.

सुदाम : अन् तुमी गप ऱ्हायल्या?

जमनाबाई : मला कोण विचारलं? बायांनी बोलायचं तर खालून, सतरंजीच्या कडेला उभं ऱ्हाऊन. तिथवर माईकची वायर पोचत न्हाई. माझी साक्ष तिसऱ्या रांगेला बी कदी ऐकू गेली न्हाई.

सुदाम : बरं. बरं, ऐका. मी स्वतः वाचतो दादाच्या वहीतलं. जसंच्या तसं. झालं?

जमनाबाई : न्हाई. मी सांगणार.

सुदाम : वहिनी, बायांनी पुलपिटावर चढायचं न्हाई. नियम हाय.

शितल : कुणाचा?

सुदाम : चर्चचा.

शितल : रजिस्टरचं पहिलं पान उघडा. अक्षर कुणाचं आहे? तिथल्या सातव्या नियमाचा सात तुमच्या त्या तिकिटावरच्या सातासारखाच आहे.

सुदाम : कमिटीनं ठरवलं, मी फक्त लिहिलं.

शितल : कमिटीत पाच माणसं, पाचही काका नाहीतर मामा. त्यातल्या एकानं तरी येशूला विचारलं असेल का?

सुदाम : त्याचं नाव घेऊन माझ्यावर येऊ नको. पाळकसाहेबांसमोर मी काय तोंड दाखवू? त्यांनी मागल्या महिन्यातच सांगितलं, बाई वर चढली तर प्रार्थना न करता गाडीत बसीन.

जमनाबाई : मी चढत न्हाई भाऊजी.

सुदाम : चढत न्हाई? मग वाद कशाचा?

जमनाबाई : माझे गुडघे दुखतेत. मी आपली मागल्या दारात बसणार, बायांच्या दारात. रुपाच्या घरून मोठा माईक आणलाय, वायर लांब हाय त्याची.

सुदाम : पण मंडळीची तोंडं तर पुलपिटाकडं असतात.

शितल : काका, आत डोकावून बघा.

सुदाम : ...हे कुणी केलं? सगळ्या सतरंज्या उलट्या टाकल्यात!

जमनाबाई : सकाळी सहालाच टाकल्या. मी, रुपा, मिना, अनुसयाबाई. मोहिनीची सासू बी आली हात लावायला.

सुदाम : ती? उंबऱ्याच्या आत?

जमनाबाई : आत. झाडू बी तिनंच मारला. म्हणली, माझा भाऊबी लढाईत त्याच डोंगरावर ऱ्हायला, त्याचं कुणी सांगितलं न्हाई मला.

शितल : बघा, लोक पळतील म्हणत होतात.

सुदाम : पाळकसाहेब दारातून आले तर पुलपिट त्यांच्या एकट्याच्याच समोर येईल.

जमनाबाई : त्यांनी बी खाली बसावं. सतरंजी ऐसपैस हाय.

सुदाम : अन् मी? मी काय करू? रजिस्टर उघडून बसू का?

शितल : उघडा. फक्त पेन नको.

सुदाम : रजिस्टरच मिटलं. हे बघ, मिटलं. वहिनी, दादाच्या जागी कोण बसणार?

जमनाबाई : तुमीच बसा. ओव्याची पुडी हाय का खिशात?

सुदाम : हाय. सवयीनं आणली, कोणासाठी ते ध्यानातच न्हाई आलं.

जमनाबाई : ऱ्हाऊ द्या जवळ. आज तुमालाच लागल.