गुरुवारचा कोफी

अडोमाको : एवढंच म्हणायचं, मावशी. "माझं वय झालं, चुकून बोलून गेले." रविवारी उपासना संपली की उभं राहायचं, एवढं एक वाक्य टाकायचं आणि खाली बसायचं.

मावशी : वय झालं ते गुडघ्यांचं. जिभेचं नाही. ती भुईमुगाची टोपली ओढ इकडे. सोलता सोलता बोल.

अडोमाको : मी इथे शेंगा सोलायला आलेलो नाही. माझी अब्रू गेलीय.

मावशी : कधी? रविवारी तर चांगली नाचत होती.

अडोमाको : थट्टा नको. कापणीचा सण, सातही वारांची माणसं जन्मवाराप्रमाणे गट करून चर्चमध्ये जमलेली, बँड वाजतोय, आमचे शुक्रवारवाले सगळे एका छापाच्या कापडात, मी सर्वांपुढे रुमाल उडवत दानपेटीकडे निघालोय, "शाळेचं अख्खं छप्पर शुक्रवारवाल्यांकडून!" म्हणून आरोळी ठोकतोय, आणि मागच्या बाकावरून तू...

मावशी : मी म्हटलं, "अरे गुरुवारच्या, जरा हळू नाच, कापड सुटेल." सुटतच होतं ते.

अडोमाको : जन्मल्यापासून सगळं गाव मला कोफी म्हणतंय. शुक्रवारी जन्मला तो कोफी. आता काय गुरुवारचा याव म्हणवून घेऊ? काल बाजारात ती मक्याची केनकी विकणारी सगळ्यांदेखत म्हणाली, "या यावभाऊ, केनकी गरम आहे."

मावशी : मग घेतलीस की नाही?

अडोमाको : घेतली. भूक लागली होती.

मावशी : आणि त्याआधी तू माइकवरून काय बोललास, ते नाही सांगत? "गुरुवारवाले जन्माचे कंजूष. गुरुवारी जन्मलेला एक तरी माणूस दाखवा, ज्याची मूठ उघडते." तुला जन्मताना पाहिलेली बाई मी. किती वेळ तोंड दाबून बसू?

अडोमाको : तसं बोलायचंच असतं! एका वारानं दुसऱ्या वाराला डिवचल्याशिवाय पेटीत कोणी काही टाकतं का? शनिवारवाल्यांना चिडवलं, तर त्यांनी डोक्याएवढे यामचे कंद आणून आपटले. रविवारवाल्यांनी बोकड आणला. हे सगळं शाळेसाठीच होतं.

मावशी : हो, शाळेसाठी. म्हणून तर आज बुधवार उजाडला तरी छपराचे पत्रे चर्चच्या खोलीत कुलपात आहेत. किल्ली कोणाच्या कमरेला आहे?

अडोमाको : पाळकसाहेबांनी दिलीय. कोणता वार जिंकला, त्याचा निकाल लागेपर्यंत.

मावशी : पाळकसाहेब स्वतः काय म्हणाले?

अडोमाको : "प्रार्थना करू या" म्हणाले आणि कुमासीला बहिणीकडे निघून गेले. मी तरी काय करू? तो याव बोआतेंग शिंपी, त्याला आयतंच फावलंय. म्हणतो, देणारा गुरुवारचा निघाला, तेव्हा पत्रे गुरुवारच्या नावावर. आणि आमच्या शुक्रवारच्या बायका म्हणतात, पत्र्याला हात लावून तर बघा. जो वार जिंकणार त्याचं नाव शाळेच्या दगडावर लागायचंय, मावशी. ही काही साधी गोष्ट नाही.

मावशी : तू सोलतोस कमी आणि खातोस जास्त.

(अंगणाच्या तोंडाशी गावच्या मास्तरीण, फ्रेमाबाई. डोक्यावर पत्र्याची ट्रंक.)

फ्रेमाबाई : मावशी, येऊ का? निरोप घ्यायला आले होते. शेठ इथेच आहेत, बरं झालं. एका फेरीत दोन नमस्कार.

मावशी : निरोप कसला, पोरी? ट्रंक कशाला?

फ्रेमाबाई : परवा, शुक्रवारी सकाळी, शिक्षणखात्याचे साहेब येतायत. इमारतीवर छप्पर दिसलं तर शाळा मंजूर, नाही तर ती कागदावरून खोडायची आणि मास्तरणीला दुसऱ्या गावी पाठवायचं. छप्पर दिसणार नाही, हे कळायला मला खात्याचा साहेब लागत नाही. म्हटलं, सामान आधी रस्त्यावरच्या दुकानात नेऊन ठेवावं.

अडोमाको : अहो बाई, एवढी घाई काय? चार दिवस पोरांना चर्चमध्ये बसवा.

फ्रेमाबाई : बसवली होती, शेठ. बाकांना खडू लागतो म्हणून तुम्हीच उठवलंत. तेव्हापासून आम्ही आंब्याखाली आहोत. पाढे म्हणताना वर बकऱ्यांसाठी पाला तोडणाऱ्यांचे पाय दिसतात.

अडोमाको : बाकांना नवं पॉलिश होतं.

फ्रेमाबाई : हो. शुक्रवारवाल्यांनी दिलेलं. पाटी लावलीय तिथे.

मावशी : आणि तुझा तो दगड आला म्हणे, कोफी? कुमासीहून कोरून आणलेला?

अडोमाको : कोणी सांगितलं तुला?

मावशी : ज्याच्या गाडीवरून आणलास, त्याच्या बायकोनं. सणाच्या आधीच आणलास. जिंकायच्या आधीच कोरलास. "शुक्रवारच्या लेकरांचे दान", आणि खाली तुझं नाव, वरच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत.

अडोमाको : कोरणाऱ्याची चूक ती.

फ्रेमाबाई : म्हणजे भिंती आहेत, पत्रे आहेत, दगडही आहे. शाळा तेवढी नाही. आम्ही मंगळवारवाले तिघंच आहोत, शेठ. मी, घंटा वाजवणारे आजोबा आणि एक तान्हं बाळ. आमचं नाव कुठे लागायची भीती नाही, म्हणून विचारते. पत्र्याला कुठला वार लागतो का हो? भोकं पडायची ती कुठल्याही वारी पडतात.

अडोमाको : बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला नाही कळायचं. मावशीनं शब्द मागे घेतला, की मी आत्ता कुलूप काढतो.

मावशी : मागे कसा घेऊ? खरा आहे तो. बस, तुला सांगतेच. तू जन्मलास गुरुवारी, दिवे लागायच्या आत. मी होते तिथे. आणि तुझ्या आईनं, पहिला घोट पाण्याचा घ्यायच्या आधी, दार लावायला सांगितलं. का, ठाऊक आहे? तुझा थोरला मामा, कोफी, कोकोच्या बागांचा मालक. तो म्हणायचा, "बहिणीचं जे पोर माझ्या वारी जन्मेल, त्याला मी शिकवीन, माझं सगळं त्याला देईन." तुझ्या आधी दोन झाले. एक सोमवारचा, एक बुधवारचा. मामानं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

अडोमाको : मावशी, बाईंसमोर...

मावशी : बाईंसमोरच. रात्रभर तुझ्या आईनं तुला छातीशी धरून ठेवलं. रडायला लागलास की दूध. सुईणीला माझं नवं कापड दिलं, तिचं तोंड बंद. शुक्रवारी कोंबडा आरवला, तेव्हा कुठे आम्ही "मुलगा झाला हो!" म्हणून ओरडलो. आयुष्यात तेवढी एकच रात्र तू गप्प बसलायस.

फ्रेमाबाई : आणि शिकायला मिळालं ते...

मावशी : ह्याला एकट्याला. मिशनच्या शाळेत, बूट घालून. ते दोघं आजही ह्याच्याच बागेत कोकोची फळं फोडतात, आणि ह्याच्याच काट्यावर माल घालून अंगठा उठवतात. आकडा काय लिहिलाय ते ह्यालाच विचारतात. ह्यानं तो खराच सांगितला असेल, असं आपण धरून चालू.

अडोमाको : ...खराच सांगतो मी.

मावशी : बहुतेक वेळा. सोल.

फ्रेमाबाई : शेठ, सोमवारच्या काकांचा नातू माझ्याकडे आहे. डोकं चांगलंय त्याचं. परवा काट्याचं गणित घरी समजावून सांगत होता म्हणे.

अडोमाको : असं. चांगलं आहे. चांगलंच आहे... मावशी, तू मला काय करायला सांगतेस? दार उघडलं तर शाळा कोणाची, ह्यावर डोकी फुटतील.

मावशी : पोराचं कसं करतो आपण? ज्या वारी जन्मेल, तो त्याचा वार. शाळेचंही तसंच. छप्पर चढेल तो तिचा वार. आत्ता सुतारांना बोलाव. बुधवारची शाळा.

अडोमाको : बुधवारची! त्या लोकांनी चार कोंबड्या दिल्या, त्यातली एक आजारी! माझ्या पत्र्यांवर बुधवारवाले नाव लावणार? थांब. थांब, मला विचार करू दे. बाई, साहेब परवा किती वाजता येणार?

फ्रेमाबाई : त्यांची गाडी दहाच्या आधी कधी पोचत नाही.

अडोमाको : मग असं. उद्या गुरुवार. उद्या सकाळी पत्रे बाहेर. बोआतेंग शिंप्याला सांगतो, पहिला पत्रा तुमच्या वारी चढतोय, शाळा तुमची, माणसं घेऊन या. तो सगळ्या गुरुवारवाल्यांना घेऊन धावत येईल. आणि एक पत्रा ठेवायचा. फक्त एक. तो शुक्रवारी उजाडताना, आमच्या बायकांच्या गाण्यात ठोकायचा. छप्पर पुरं झालं शुक्रवारी, म्हणजे शाळा शुक्रवारची. दोघंही खूश!

मावशी : बघ फ्रेमा, बघ. हुबेहूब आई.

अडोमाको : काय?

मावशी : काही नाही. गुरुवारी झालेलं शुक्रवारी सांगणं तुमच्या घरात चालत आलंय. आणि दगड?

अडोमाको : दगडावर तर... शुक्रवार कोरलाय. तो दिसला की बोआतेंग पत्रे उचकटेल.

फ्रेमाबाई : दारासमोर पायरी हवीच आहे. पालथा घाला. सपाट बाजू वर. पोरांना पाय झाडायला बरा पडेल.

अडोमाको : पालथा? बाई, तो कोरायला किती पैसे पडले माहीत आहे?

मावशी : अक्षरं आहेत तशीच राहतील, बाबा. माती वाचेल. आता ऊठ, आज संध्याकाळपर्यंत सुतार गाठ, नाही तर ते दारूच्या दुकानात वार विसरतील.

अडोमाको : जातो. पण मावशी, रविवारी तू उभी राहणार. सगळ्यांसमोर. "चुकले, कोफी शुक्रवारचाच" म्हणणार.

मावशी : शाळेत पोरं बसलेली पाहीन आणि मग म्हणेन. जा. आणि जाताना मूठ उघड, शेंगा टोपलीत टाक. गुरुवारचा शोभतोस.

फ्रेमाबाई : ...गेले. किल्ली हातात घेऊन गेले. मावशी, रविवारी तुम्ही खरंच तसं म्हणाल? खोटं? चर्चमध्ये?

मावशी : तू ती ट्रंक आधी उतरव. मान मोडेल.

फ्रेमाबाई : उतरवली. सांगा ना.

मावशी : म्हणेन की. त्याच्या आईनंही तेच म्हटलं होतं, त्याच चर्चमध्ये, बाप्तिस्म्याच्या वेळी. मी तेव्हा रागावले होते तिच्यावर. ती म्हणाली, "ताई, मला एवढंच कळतं, की ह्याला शिकवायचंय." वार तिनं मागाहून पाहिला.