आत कोण राहतं?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील आमचे मॅनेजरसाहेब, मुख्य कार्यालयातून आलेले पाहुणे, कर्जविभागातले माझे सहकारी आणि समोर बसलेले आमचे खातेदार,

निवृत्तीच्या समारंभात ज्याचा सत्कार असतो त्याने सर्वांत शेवटी बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. तरी अध्यक्षांना चिठ्ठी पाठवून मी मध्येच माइक मागून घेतला. साडेचार वाजता माझा मुलगा नोंदणी कार्यालयात एका घराच्या खरेदीखतावर सही करणार आहे. आत्ता पावणेचार होताहेत. तेव्हा थोडक्यात बोलते.

एकतीस वर्षं मी या बँकेत गृहकर्जाची कागदपत्रं तपासली. पहिल्यांदाच गुंतवणूक म्हणून घर घेणारा माणूस समोर बसला की त्याचे प्रश्न ठरलेले. कर्ज किती मिळेल? व्याज किती? भाड्यातून हप्ता सुटेल ना? एका शिंप्याने बारा महिन्यांचं भाडं धरून हिशेब आणला होता. मी विचारलं, "घर रिकामं राहिलं तर ते महिने कोण भरणार?" म्हणाला, "तसं होत नाही हो, बाई." म्हटलं, "तुमचं मशीन कधी बंद पडत नाही का?" गड्याने कर्ज कमी घेतलं. आज तो चौथ्या रांगेत बसलाय आणि हसतोय. हसा.

आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न : "तुम्ही कर्ज मंजूर केलंत म्हणजे कागद चोखच असणार, नाही का?" नाही! बँक तिचे पैसे कसे वसूल होतील ते बघते. तुमची झोप बघत नाही. मालकी कुणाची, वारस किती, आधीचा बोजा फिटला का, हे कागदावर दिसतं. पण आत कोण राहतं, हे दार वाजवल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी प्रत्येक घराचं दार वाजवायला जायची. या कार्यालयात माझं नाव 'कडीबाई' पडलं, तेही मला माहीत आहे. मॅनेजरसाहेब तर म्हणायचे, "मॅडम, कर्ज द्यायचंय की सोयरीक जुळवायचीय?" साहेब, दोन्हीकडे चौकशी सारखीच लागते.

आज सकाळी मी शेवटचं दार वाजवलं. आपल्या बँकेच्या फायलीतलं नव्हे. मुलगा घेतोय त्या घराचं. दुसरा मजला, डावीकडचं दार. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या बाईंनी उघडलं. हात ओला होता, भांडी घासत असाव्यात.

"कोण हवंय?"

"हे घर विकायचंय ना?"

"कुणी सांगितलं?"

"मालकाने."

"मालक? भाचा आहे तो माझा. त्याला म्हणावं, माझ्यासमोर येऊन सांग. घर त्याच्या बापाच्या, माझ्या भावाच्या नावावर होतं, पण निम्मे पैसे माझे आहेत. सोळा वर्षं झाली मला इथे." आणि आत जाऊन त्यांनी विजेच्या बिलांचा गठ्ठा आणला. सगळी त्यांच्या नावाची.

आता कायद्याचं बोलते, नवख्यांनी नीट ऐका. आत राहणारा माणूस हाही एक कागदच असतो. कोर्टात तो वाचला जातो. त्याला न विचारता घर घेतलंत, तर घराबरोबर त्याचा हक्क आणि त्याचा दावाही पदरात पडू शकतो. हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू. भाडं कुठून येणार? त्या बाईंकडून?

जिन्यातूनच मुलाला फोन लावला. म्हणाला, "आई, वकिलाने कागद पाहिलेत. विकणारा सांगतोय, ती पाहुणी आहे."

"सोळा वर्षं पाहुणी?"

"तुला आज फुलं मिळणार आहेत ना? ती घे. माझं मला करू दे." फोन बंद. त्यानंतर सात वेळा लावला.

स्वतःला म्हटलं, बत्तीस वर्षांचा घोडा आहे, ठेच लागल्याशिवाय शहाणा व्हायचा नाही. आणि मी इथे येऊन बसले. पण मघाशी साहेबांनी माझ्या निःपक्षपातीपणाचं कौतुक केलं, "या बाईंनी आपला-परका कधी पाहिला नाही," म्हणाले, आणि मला खुर्चीत बसवेना.

कारण सहा महिन्यांपूर्वी जेवताना तो म्हणाला होता, "आई, भाड्याने द्यायला एक घर घेतोय. काय काय बघू?" आणि मी काय उत्तर दिलं? "घरी कचेरी भरवत नाही मी. सोमवारी ये, नंबर घे, रांगेत बस." तो हसला. सोमवारी आला नाही. दुसऱ्या बँकेत गेला. परवा सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही त्यांना रांगेत बसवलंत, म्हणून ते दुसरीकडच्या रांगेत जाऊन बसले." हजारो परक्यांना जे फुकट सांगितलं, ते पोटच्या पोराला ताटावर सांगायला मला माझी शिस्त आड आली.

नोंदणी कार्यालय इथून वीस मिनिटांवर आहे. त्याने ऐकलंच पाहिजे असं नाही. सही त्याची, पैसे त्याचे. पण सही करण्याआधी त्या बाईंच्या दारात एकदा उभा राहा, एवढं तोंडावर सांगणार आहे. ओरडणार नाही. न ओरडण्याची सवय नाही, पण प्रयत्न करीन.

अध्यक्ष महोदय, मध्येच बोलू दिलंत, आभारी आहे. साहेब, कर्जविभाग, खातेदार, सर्वांचे आभार. फुलं आणि भेटवस्तू कुणीतरी माझ्या टेबलावर ठेवा. ज्यांच्या फायली मी महिना-महिना अडवल्या, त्यांची मी क्षमा मागणार नाही. आज असत्या तर आजही अडवल्या असत्या. ज्याची मागायची आहे, तो या सभागृहात नाही.

निघते.